घड्याळाला न पटलेला सायकलवाला

नकाशाचं ऐकाल तर मी बेळ्ळंदूरच्या तलावातून सायकल चालवली आहे. एकदा नव्हे, एकोणीस वेळा. निळ्या पाण्यावर लाल रेघ, या काठावरून सरळ त्या काठाला, आणि खाली शाबासकी: आजचा वेग कालपेक्षा चांगला. तो तलाव ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको की त्याच्यात बदकंसुद्धा विचार करून उतरतात, आणि निळा तो फक्त नकाशावर असतो. कारण साधं आहे. रिंग रोडवरच्या काचेच्या उंच इमारतींमध्ये घड्याळाला आकाश दिसेनासं होतं, उपग्रह हरवतो, आणि मग ते आपल्या मनाने जवळची वाट काढतं. मधे पाणी आहे की भिंत, त्याचं त्याला काय.

हे घड्याळ मी हौसेने घेतलं नव्हतं. मला पुरावा गोळा करायचा होता.

आमच्या घराण्याला या शहरात येऊन इतक्या पिढ्या झाल्या की पहिला कोण आला हे घरात कुणाला नक्की सांगता येत नाही. घरी मराठी बोलतो, पण तिच्यात कन्नड इतकं मुरलंय की पुण्याहून नोकरीला आलेले लोक माझं बोलणं ऐकून 'किती क्यूट' म्हणतात. मी कॉलेजात शिकले ती एकच गोष्ट, पत्रक लिहिणं. मेसच्या पाणचट सांबारावर लिहिलं, बसच्या पासावर लिहिलं, मुलींच्या हॉस्टेलच्या कुलपावर लिहिलं. पहिल्या ओळीत राग, दुसऱ्या ओळीत मागणी, तिसऱ्या ओळीत जागा आणि वेळ. त्याने पोट भरत नाही म्हणून बेळ्ळंदूरच्या एका ऑफिसात मी मोबाइलवर येणाऱ्या सूचना लिहिते. 'तुमची ऑर्डर निघाली आहे.' 'खूप दिवस दिसला नाहीत, आम्हाला चुकल्यासारखं होतंय.' हो, त्या लिहिणारी मीच. तुम्ही ज्या मायेने त्या पुसून टाकता ती मला माहीत आहे.

त्या ऑफिसच्या फाटकावर एक अण्णा आहेत. पन्नाशीचे, सुरक्षा रक्षक. आनेकलच्या अलीकडच्या एका गावात राहतात आणि तिथून सायकलने येतात. काळी, जड, कॅरिअरवाली सायकल, पुढच्या दांड्याला जेवणाच्या डब्याची पिशवी. सकाळी सहाची ड्यूटी गाठायची तर पहाटे चारला निघायचं. त्या वेळी त्यांच्या गावातून बस नाही. 'किती लांब पडतं हो?' असं मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, 'स्वल्प दूर.' स्वल्प म्हणजे थोडं. मी नंतर एकदा ते थोडं चालवून पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी आजारपणाची रजा टाकली.

त्या रस्त्यातले शेवटचे दोन किलोमीटर रिंग रोडच्या कडेने आहेत. तिथेच काही वर्षांपूर्वी एका पाण्याच्या टँकरचा आरसा अण्णांच्या उजव्या खांद्याला लागला. हाड जुळलं, पण हात खांद्यापर्यंतही जात नाही. मग सलाम कुठला, आणि त्यावरून सुपरवायझरची बोलणी खातात. त्यानंतर केव्हातरी कोणाला तरी सुबुद्धी झाली आणि तिथे रस्त्याच्या दोन्ही अंगांना सायकलींची पट्टी आखली गेली. हिरवा रंग आणि पट्टीत गाड्या शिरू नयेत म्हणून कंबरेएवढे केशरी प्लास्टिकचे खांब. रंग एका पावसाळ्यात गेला, खांब उरले. अण्णांना त्या खांबांबद्दल काय वाटतं असं विचारलं तर ते म्हणाले, 'खांब आहेत तोवर मागे बघावं लागत नाही.'

मग बातमी आली की खांब काढणार. पट्टीवर सायकली दिसत नाहीत, दुकानांना आणि हॉटेलांना पार्किंग हवंय. मी पत्रक घेऊन वॉर्ड ऑफिसात गेले. तिथले इंजिनिअर शांत माणूस होते. माझं पत्रक त्यांनी दोन्ही बाजूंनी वाचलं (मागची बाजू कोरी होती) आणि कन्नडमध्ये म्हणाले, 'मॅडम, भाषा छान आहे. पण माझी माणसं सकाळी अकरा वाजता जाऊन मोजून आली. तीन सायकली. त्यातली एक टायर पंक्चर होऊन उभी होती.'

'अकरा वाजता कोण सायकल चालवतं सर?'

'तेच तर मी म्हणतोय. कोण चालवतं? डेटा आणा. महिनाभरात त्या पट्टीवर हजार फेऱ्या दाखवा. खांब राहतील, मी लिहून देतो.'

डेटा. हा शब्द या शहरात असा उच्चारतात की समोरच्याने चपला काढाव्यात. माझ्याकडे अण्णा होते, अण्णांचा खांदा होता, पण डेटा नव्हता. तो ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडे मी गेले, आणि तिथूनच माझ्या मूर्खपणाची सुरुवात झाली.

पुण्यामुंबईकडून, नागपूरकडून आलेल्या आयटीवाल्यांचा एक मराठी सायकल ग्रुप आहे. दर रविवारी पहाटे हे लोक अंगाला चिकटणारे कपडे घालून टेकड्यांकडे जातात, डोसा खातात आणि परत येतात. एकेकाची सायकल इतकी हलकी की ती वाऱ्याने पडते, आणि इतकी महाग की पडली की मालक आधी तिच्याकडे धावतो आणि गुडघ्याचं रक्त नंतर पुसतो. सगळ्यांच्या मनगटावर घड्याळ, काहींच्या छातीला पट्टा, हँडलवर आणखी एक यंत्र. म्हणजे एकाच माणसाचे तीन साक्षीदार, आणि तिघांची साक्ष वेगळी. मी पहिल्यांदा गेले त्या दिवशी दोघांत वाद पेटला होता. दोघे एकाच वेळी निघाले, एकाच रस्त्याने गेले, एकाच वेळी पोहोचले. एकाच्या घड्याळात एक्केचाळीस किलोमीटर, दुसऱ्याच्या चाळीसला थोडे कमी. डोसे थंड झाले, चटणीला साय धरली, वाद संपेना.

'तुझं वळणं धरत नाही. सरळ रेघ मारतं.'

'आणि तुझं सिग्नलला उभं असताना पण नाचतं. उभ्याउभ्या शंभर मीटर खातोस तू.'

ज्याचे चाळीसला थोडे कमी होते, त्याने घरी गेल्यावर बिल्डिंगच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये गाड्यांभोवती घिरट्या घालून चाळीस पुरे केले. पण तळघरात उपग्रह पोहोचत नाही, त्यामुळे घड्याळाने त्याला एकदम बाजूच्या शाळेच्या मैदानात नेऊन सोडलं आणि बेचाळीस भरले. त्या आकड्याचा फोटो त्याने ग्रुपवर टाकला. खाली एकवीस टाळ्या.

या ग्रुपला एक कप्तान होता. पुण्याचा. प्रत्येक वाक्य 'ॲक्च्युअली'ने सुरू करायचा आणि बायकोच्या वाढदिवसापेक्षा आपला सर्वांत कमी नाडीचा आकडा त्याला चांगला पाठ होता. मी त्याला खांबांचं सांगितलं, अण्णांचं सांगितलं. त्याने मान हलवली आणि त्याला एकच शब्द ऐकू गेला: हजार.

'ॲक्च्युअली हे सॉलिड चॅलेंज होईल,' तो म्हणाला. 'थाउजंड राइड्स, थर्टी डेज. बॅज पण करू. तू एक कर, तू ते मोटिव्हेशनल मेसेज लिही. तुझं कामच आहे ना ते?'

होतं. मी लिहिले. 'आज पट्टी तुमची वाट बघतेय.' मला स्वतःची लाज वाटली नाही, कारण उद्देश चांगला होता. उद्देश चांगला असला की माणसाला पुष्कळ गोष्टींची लाज वाटत नाही. ही ओळ मी दुसऱ्यांवर लिहिलेल्या पत्रकांत अनेकदा वापरली आहे.

त्याच वेळी कप्तानाने मला आपलं जुनं घड्याळ स्वस्तात दिलं. माझ्या भावाकडे आणखी एक पडून होतं, ते मी 'गेट' या नावाने ग्रुपच्या यादीत जोडलं आणि अण्णांच्या मनगटावर बांधलं. 'काही करायचं नाही अण्णा. सायकलवर बसलात की हे बटण, उतरलात की तेच बटण.' त्यांनी दोन दिवसांत ते मनापासून आत्मसात केलं. त्यांना आवडलं नाही ते एकच. घड्याळ दर तासाला थरथरायचं आणि पडद्यावर एक माणूस उभा राहायचा.

'हे काय म्हणतंय?' त्यांनी विचारलं.

'म्हणतंय, फार वेळ बसलात, जरा उभे राहा.'

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. फाटकावरची खुर्ची चार महिन्यांपूर्वी काढून नेली होती, कारण रक्षक बसलेला दिसला तर इमारतीची शोभा जाते. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा ते उभेच असायचे. फक्त उभे असताना हात इतका स्थिर ठेवायचे की घड्याळाला ते बसलेत असं वाटायचं.

'आमच्या सुपरवायझरनेच बनवलं असेल,' ते म्हणाले. त्यावर पत्रक लिहायला हवं होतं. मी तेव्हा हजार मोजत होते.

पहिल्या आठवड्यात आकडा चांगला चढला. दुसऱ्या आठवड्यात पाऊस झाला, रस्ते तुंबले, आणि तरीही आकडा चढतच राहिला. मला शंका यायला हवी होती. त्याऐवजी मी नवं पत्रक लिहिलं: 'पावसालाही न जुमानणारे पाय.'

बाराव्या दिवशी मला ताप होता म्हणून मी कोरमंगल्याच्या माझ्या खोलीवरून रिक्षाने निघाले. रिंग रोडला नेहमीसारखं सगळं तुंबलेलं. रिक्षा दहा पावलं जायची, थांबायची, पुन्हा दहा पावलं. आणि माझं घड्याळ थरथरलं. पडद्यावर छोटी सायकल आली. तुम्ही सायकल चालवत आहात असं दिसतं, नोंद करू का?

मी बराच वेळ त्या प्रश्नाकडे बघत बसले. दुसऱ्या कुठल्या शहरात हा प्रश्न पडला नसता. तिथे गाडी गाडीच्या वेगाने जाते आणि घड्याळाला फरक कळतो. बेळ्ळंदूरला सकाळी साडेनऊला रिक्षा, कॅब, बस, सगळे सायकलच्या वेगाने सरकतात, खड्ड्यांत सायकलसारखे उसळतात, सायकलसारखे थांबतात. हात थरथरतो, नाडी चढते. ती वैतागाने चढते, पण घड्याळाला रक्त दिसतं, वैताग दिसत नाही. त्याच्या हिशेबाने हे सगळं शहर रोज सकाळी सायकलने कामाला जातं.

मी 'हो' दाबलं.

का दाबलं ते सांगते. ग्रुपच्या यादीत त्या दिवशी चारशे सोळा होते आणि मला ताप होता आणि अण्णांचा खांदा माझ्या डोळ्यांसमोर होता. मी सायकलने आले असतेच, असं मी मनाशी म्हटलं. ती फेरी कायद्याने नसली तरी नैतिकदृष्ट्या माझीच होती. नैतिकदृष्ट्या! मी, जिने मेसच्या मॅनेजरला अर्धा लिटर दुधात पाणी घातलं म्हणून कॉलेजभर पत्रकात चोर म्हटलं होतं. पुढच्या दोन आठवड्यांत मी सात वेळा रिक्षातून 'हो' म्हटलं. ताप एकच दिवस होता.

आणि मी एकटी नव्हते. एका सकाळी सिग्नलला माझ्या रिक्षाशेजारी एक कॅब थांबली. मागच्या सीटवर कप्तान, मांडीवर लॅपटॉप, कानात मीटिंग, आणि डाव्या हाताचं मनगट खिडकीवर मागेपुढे, मागेपुढे. घड्याळाला हालचाल कमी पडू नये म्हणून. आमची नजरानजर झाली. त्याने काच खाली केली.

'तू पण?' तो म्हणाला.

मी म्हटलं, 'उद्देश चांगला आहे.'

'एक्झॅक्टली,' तो म्हणाला आणि काच वर केली.

महिना संपताना हजारावर साठेक फेऱ्या झाल्या. ग्रुपमध्ये नागपूरचा एकजण होता, दिवसभर ऑफिसातही हेच काम करायचा, आकडे तपासायचे, खोटे निवडून बाहेर टाकायचे. कप्तान म्हणाला, फाईल देण्याआधी ह्याच्याकडून साफ करून घे, समोर सरकारी माणूस आहे, एक जरी चूक सापडली तर सगळंच जाईल. मला पटलं. मनातून मी घाबरले होते की माझ्या सात फेऱ्या पकडल्या जातील. नाही पकडल्या. त्याने पन्नास-बावन्न फेऱ्या काढल्या आणि हजाराच्या वर सहा उरवून फाईल मला पाठवली. माझ्या रिक्षा शाबूत होत्या. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की काढलं काय ते उघडून पाहिलं नाही. फाईल रंगीत छापली, वर पत्रक लावलं आणि वॉर्ड ऑफिस गाठलं.

इंजिनिअरसाहेबांनी चष्मा लावला. पहिलं पान पाहिलं, दुसरं पाहिलं. मग नकाशाचं पान काढून खिडकीपाशी नेलं. हजार लाल रेघा एकमेकींवर बसून नकाशावर एक जाड लाल दोर झाला होता. मला तो फार सुंदर वाटला होता.

'मॅडम, हे सगळे कोरमंगल्याकडून येतात ना?'

'हो सर, बरेचसे.'

'मग ऑफिसं रस्त्याच्या पलीकडे आली.' त्यांनी पेन्सिलीने दाखवलं. 'आणि हे सगळे पुढे दोन किलोमीटर जातात, पुलाखालून यू-टर्न घेतात आणि पलीकडून दोन किलोमीटर मागे येतात. रोज. जवळपास सगळेच.'

मी बोटाने त्या दोराचा माग काढला, तो पुलाखालीच वळत होता.

'मी डिप्लोमा होईपर्यंत सायकलवर होतो,' ते म्हणाले. 'सायकलवाला यू-टर्नसाठी चार किलोमीटर हिंडत नाही. दुभाजकाची जाळी जिथे तुटली आहे तिथे उतरतो, सायकल उचलतो, पलीकडे टाकतो. ती जाळी आम्ही तीनदा लावली. तीनदा तोडली त्यांनी. ही तुमची हजार फेऱ्यांची माणसं जाळीकडे वळून मला एकदाही शिव्या घालायला लावत नाहीत. ही कारमधली माणसं आहेत मॅडम.'

ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते हसत होते. मागच्या टेबलावरचा क्लार्कही हसत होता. मला माझ्या सात रेघा त्या दोराच्या आत कुठे असतील ते दिसत नव्हतं, पण त्या होत्या.

'सर, एक माणूस खरा आहे,' मी म्हणाले. 'आमचे गेटवरचे अण्णा. दोन्ही वेळा, आठवड्याचे सहा दिवस. महिनाभर. संध्याकाळी त्या तुटलेल्या जाळीतूनच जातात. त्यात बघा.'

त्यांनी शोधलं. मी शोधलं. क्लार्क उठून आला, त्यानेही शोधलं. अण्णांची एकही फेरी फाईलमध्ये नव्हती. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन नागपूरवाल्याला फोन लावला.

'तो गेट नावाचा? तो काढला ना मी,' तो म्हणाला. 'हे पाय, तो रोज पहाटे चार वाजता निघते, रविवार सोडला तर एक दिवस आराम नाही, वेग एकदम सारखा, बाराच्या वर जात नाही, आणि नाडी किती तर फक्त अठ्ठ्याण्णव. माणूस असा राहते का कुठं? कोणी तरी मशीनला घड्याळ बांधलं असेल असं वाटलं मले. बाकी तुमचे सगळे डेटा मात्र एकदम नॅचरल होते. थांबणं, निघणं, नाडी वरखाली. मस्त.'

'तो आमच्या ऑफिसचा वॉचमन आहे.'

तिकडून तो म्हणाला, 'अठ्ठ्याण्णव? खरंच? सायकलवर?' आणि त्याच्या आवाजात जे होतं तो हेवा होता.

मी आत जाऊन खरं ते सांगितलं. माझ्या सात रिक्षांसकट. सांगितलं, कारण आता खांब जाणारच होते आणि निदान त्या एका माणसाला मशीन म्हणून नोंदवून जायला नको होतं.

इंजिनिअरसाहेबांनी चष्मा काढला. 'म्हणजे जो खरा होता तो तुमच्या लोकांनी खोटा म्हणून काढला,' ते म्हणाले. मग कॅलेंडरकडे पाहिलं. 'एक आठवडा थांबतो. घड्याळ नको. त्या जाळीपाशी उभ्या राहा आणि मोजा. पण मला एका माणसासाठी खांब ठेवता येणार नाहीत, हे लक्षात ठेवा.'

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी वही आणि पेन्सिल घेऊन तिथे उभी होते. मला खरंच वाटलं होतं की अण्णा आणि फार तर दूधवाला. सव्वापाचला पहिली टोळी आली. शिवणकामाच्या कारखान्यातल्या बायका, साडीवर स्वेटर, कॅरिअरवर मैत्रीण बसवलेली. मग हाउसकीपिंगवाले, मग बांधकामावरचे, मग फुलांची टोपली बांधलेला एक म्हातारा जो माझ्याकडे बघून म्हणाला, 'काय मोजतेस? आम्हाला?' पाऊण तासात मी वहीची तीन पानं उभ्या रेघांनी भरली, आणि त्यांतली एकही रेघ तलावातून गेली नाही. सहा वाजता हे सगळे आपापल्या कामाला लागले होते आणि रस्ता त्यांच्याविना चकाचक मोकळा झाला होता. नऊला गाड्या आल्या. अकराला वॉर्डची माणसं मोजायला यायची. मला आठवलं की मीही या रस्त्याने तीन वर्षं येत होते. साडेनऊला.

ग्रुपवर मदत मागितली. चाळीसजणांनी अंगठा दाखवला, दोघं आले. नागपूरवाला रोज आला, न बोलता मोजायचा. कप्तान एक दिवस आला, थोडा वेळ उभा राहिला, माझ्या वहीत डोकावला आणि विचारलं, 'ॲक्च्युअली हे कुठल्या ॲपवर करतेयस?'

'पेन्सिल,' मी म्हटलं.

'नाही पण मग सिंक कसं होणार?'

सहाव्या दिवशी इंजिनिअरसाहेब स्वतः आले. मफलर, हातात थर्मास. माझी वही मागितली नाही. अर्धा तास उभे राहून स्वतः बघत बसले. तुटलेल्या जाळीतून एका बाईने सायकल उचलून पलीकडे टाकली तेव्हा ते तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाले, मग पुढे होऊन मागचं चाक धरलं. शेवटी म्हणाले, 'सरी.' म्हणजे ठीक आहे.

त्या सरीचा पुरता अर्थ आठवड्याने कळला. सकाळी कामाला येतात त्या अंगाचे खांब राहिले. परतीच्या अंगाचे गेले, कारण सकाळी त्या बाजूला कोणी दिसलं नाही आणि हॉटेलं तिथेच आहेत. मी फाईल घेऊन धावले. 'सर, जी माणसं येतात ती परत जातात.' ते म्हणाले, 'संध्याकाळचं तुम्ही मोजलं नव्हतं मॅडम.' बरोबर होतं. मी नव्हतं मोजलं. तेव्हा मी झोप पुरी करत होते.

अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी घड्याळ सोडून माझ्या हातावर ठेवलं. 'अर्धं राहिलं ना,' ते म्हणाले. 'मला वाटलं होतं सगळं जाईल.' माझी समजूत ते घालत होते. मला ते सहन झालं नाही.

आता संध्याकाळच्या मोजणीची वही चालू आहे. तोवर रोज सहाला मी त्यांच्याबरोबर निघते. जाळीपाशी त्यांच्या सायकलचं पुढचं चाक मी उचलते. पलीकडे आमच्या जुन्या पट्टीवर आता एकामागे एक गाड्या लावलेल्या असतात, आणि प्रत्येक गाडीला वळसा घालायला उजवीकडे भर रहदारीत यावं लागतं. तिथे उजवा हात दाखवावा लागतो, आणि अण्णांचा तो हात वर जात नाही. म्हणून मी त्यांच्या मागे राहते आणि हात मी दाखवते. दोन किलोमीटर. माझं घड्याळ मी काढून ठेवलंय. त्याने याला काय म्हटलं असतं ते मला ठाऊक आहे: वेग कमी, प्रयत्न कमी, उद्या अधिक जोर लावा.

परवा एका पांढऱ्या गाडीपाशी टँकर फार जवळून गेला. चौकात पोहोचल्यावर अण्णा थांबले, एक पाय टेकवला आणि मागे वळून पाहिलं.

'हात उशिरा वर करता तुम्ही मॅडम,' ते म्हणाले. 'गाडी यायच्या आधी करायचा. गाडी आल्यावर करून काय उपयोग.'

'उद्यापासून करते अण्णा.'

'उद्या रविवार,' ते म्हणाले आणि आनेकलच्या रस्त्याला लागले.